रेंजवर स्टीलची टार्गेटं कशी लटकवायची, म्हणजे टिकतील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या नेमबाजांकडून हे प्रश्न सतत येतात. कोणी एअरगनवाले असतात, कोणी पॉइंट टू टू (०.२२ इंच बोअरची बंदूक) वाले, तर कोणाला क्लबच्या रेंजसाठी सहा-सात प्लेटींची रांग उभी करायची असते. एक गोष्ट सगळ्यांना लागू आहे. प्लेट सहसा मोडत नाही. मोडते ती तिला धरून ठेवणारी साखळी, बोल्ट किंवा कडी. म्हणून इथली बरीचशी उत्तरं प्लेटच्या मागच्या बाजूबद्दल आहेत.

१. लटकवायचंच कशाला? खांबाला घट्ट ठोकून टाकलं तर काम सोपं नाही का?

सोपं आहे, पण टिकत नाही. गोळीचा धक्का कुठेतरी जिरावा लागतो. लटकती प्लेट मागे झुलते आणि तो धक्का झोक्यात जातो. घट्ट ठोकलेल्या प्लेटीत तोच धक्का बोल्टांवर, वेल्डिंगवर आणि खांबावर येतो. बोल्ट ढिले होतात, भोकं लांबट होतात, शेवटी एक कोपरा सुटतो. शिवाय ठोकलेली प्लेट बहुधा अगदी उभी असते आणि ते धोक्याचं आहे. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

२. भंगारात जाड प्लेट स्वस्त मिळते. ती कापून लावली तर चालेल?

आधी ती कोणत्या जातीची आहे ते बघा. जाडी हा इथे दुय्यम मुद्दा आहे, खरा मुद्दा कडकपणाचा. फॅब्रिकेशनच्या दुकानात ज्याला आपण एमएस (माइल्ड स्टील, साधं मऊ लोखंड) म्हणतो, त्याचा कडकपणा ब्रिनेल मापाने साधारण १२० ते १५० असतो. टार्गेटसाठी वापरतात ती झीजरोधक प्लेट ५०० च्या आसपासची. तिला बाजारात एआर ५०० म्हणतात; हार्डॉक्स ५०० हे त्याच वर्गातलं ओळखीचं नाव. डंपरचे हौदे आणि खडी क्रशरचे पत्रे या जातीच्या पोलादाचे असतात.

एमएसवर पिस्तुलाची जॅकेटवाली (शिशावर कडक धातूचं आवरण असलेली) गोळी बसली की वाटीसारखा खड्डा पडतो. पुढची गोळी त्या वाटीत शिरली तर शिशाचे आणि जॅकेटचे तुकडे वळून थेट नेमबाजाकडे येतात. सपाट, कडक प्लेटीवर गोळी चुरा होते आणि तो चुरा प्लेटीच्या पृष्ठभागाला जवळपास समांतर, बाजूंना उडतो. प्लेट सपाट राहणं म्हणजेच सुरक्षित राहणं.

अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत लेझर कटिंग करणाऱ्यांकडे झीजरोधक प्लेटीचे उरलेले तुकडे मिळू शकतात. एखाद्याने ‘हे हार्डच आहे’ म्हटलं, तर तेवढ्यावर जाऊ नका, प्लेटचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. ते नसेल तर कानस घासून बघा. एमएसवर कानस धरते आणि कीस पडतो, ५०० च्या प्लेटीवर ती फारशी धरत नाही. ही पारख ढोबळ आहे, पण भंगारवाल्याच्या शब्दापेक्षा बरी.

जाडी विचाराल तर पॉइंट टू टू आणि पिस्तुलासाठी १० मिमी पुरते. मोठ्या रायफलीला १२ मिमी घ्या. वजनाचा अंदाज असा: ३०० मिमी व्यासाची १० मिमी जाड चकती साधारण साडेपाच किलो भरते, २०० मिमीची अडीच किलोच्या आसपास.

३. माझ्याकडे फक्त एअरगन आहे. एवढं सगळं लागतं का?

नाही. ४.५ मिमीच्या शिशाच्या छर्‍याला ५-६ मिमीची साधी एमएस प्लेट वर्षानुवर्षं पुरते, फक्त तिला खड्डे नकोत. हलक्या एअरगनला १५० मिमीची चकती पुरे. ६ मिमीत तिचं वजन किलोच्याही खाली राहतं, म्हणून छर्रा लागल्यावर ती छान हलते.

दोन गोष्टी मात्र अजिबात नकोत. पहिली म्हणजे स्टीलचे गोल बीबी. ते चुरा होत नाहीत, आले तसे परत येतात. दुसरी, शिसंविरहित कडक मिश्रधातूचे छर्रे. ‘पर्यावरणपूरक’ म्हणून ते कागदावर खुशाल वापरा, स्टीलवर नको. चष्मा एअरगनलाही लागतो, तोही बाजूंनी बंद असलेला. हा मुद्दा सांगून सांगून आमचा घसा बसला आहे.

४. किती अंतरावरून मारायचं?

पिस्तुलासाठी आयपीएससी (प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) स्पर्धांच्या नियमात धातूच्या टार्गेटपासून किमान ७ मीटर अंतर आहे. स्पर्धेत तिथे रेंज अधिकारी डोळ्यात तेल घालून उभा असतो. रोजच्या सरावाला १० मीटरच्या आत येऊ नका. पॉइंट टू टू आणि एअरगनलाही हीच मर्यादा धरा. मोठ्या रायफलीला ९०-१०० मीटर. प्लेटीवर पोचताना गोळीचा वेग सेकंदाला ९०० मीटरच्या वर असेल तर ५०० ची प्लेटही खड्डे खाते.

स्टीलच्या गाभ्याची किंवा चिलखतभेदी गोळी कोणत्याही अंतरावरून नको. गोळीला लोहचुंबक चिकटलं तर ती बाजूला ठेवा.

५. प्लेट सरळ टांगायची की पुढे झुकवून? आणि झुकवायची कशी?

पुढे झुकवून. वरची कड नेमबाजाकडे, खालची मागे, म्हणजे प्लेटचं तोंड जमिनीकडे. मग चुर्‍याचा मोठा भाग खाली मातीत जातो. १५ ते २० अंश पुरेसे आहेत.

यासाठी वेगळा जुगाड लागत नाही, टांगण्याची जागाच ते काम करते. बोल्ट पुढून आत घाला आणि साखळीची कडी प्लेटीला चिकटून न ठेवता मागे थोड्या अंतरावर ठेवा. मध्ये पाइपचा तुकडा, जाड वॉशरची चळत किंवा स्प्रिंग. टांगण्याचा बिंदू प्लेटीच्या मागे गेला की तिचं वजन त्या बिंदूखाली यायला बघतं, खालची बाजू मागे सरकते आणि वरची पुढे येते.

३०० मिमीच्या चकतीत भोकांची रेषा मध्यापासून १०० मिमी वर असेल आणि कडी प्लेटीच्या मध्यापासून ३० मिमी मागे असेल, तर झुकाव साधारण १७ अंश येतो. २५ मिमी ठेवलं तर १४. भोकं मध्याच्या जवळ घेतली तर त्याच अंतरात प्लेट जास्त झुकते. १० मिमी प्लेट, २० मिमीचा पाइपचा तुकडा आणि ८ मिमीची कडी घेतली की ते ३० मिमी जवळपास आपोआप जमतं. बोल्ट एम-१२ (१२ मिमी व्यासाचा), ६५ मिमी लांब.

बांधून झाल्यावर बाजूने उभं राहून बघा. पुष्कळांची प्लेट उलटी, आभाळाकडे तोंड करून झुकलेली असते, कारण कडी प्लेटीच्या पुढे आलेली असते.

६. साखळी बरी की रबरी पट्टा?

या एका प्रश्नावर रेंजवर तासभर वाद होतो. आमचं मत पट्ट्याच्या बाजूने आहे, पण अटी आहेत.

साखळी कुठेही मिळते, भद्रकालीतल्या हार्डवेअरच्या दुकानात पाच मिनिटांचं काम. प्लेट मोकळी झुलते, आवाज खणखणीत येतो. पण साखळीला थेट गोळी लागली की ती कडी गेली. थेट न लागताही प्लेटीवरून बाजूला उडणारा चुरा सगळ्यात खालच्या कडीला खात राहतो. काही दिवस वापरलेली साखळी हातात घेऊन बघा: खालची कडी नेमबाजाच्या बाजूने चमकते, कानशीने तासल्यासारखी सपाट होते, वर शिशाचा राखाडी थर. वरच्या कड्या मात्र नव्याकोऱ्या. म्हणून साखळी बदलताना अख्खी फेकू नका, खालच्या दोन कड्या कापून पुढची कडी बोल्टवर घ्या. साखळी ८ मिमीची, वेल्ड केलेल्या कड्यांची आणि शक्य तितकी आखूड घ्या. नुसत्या वाकवून जोडलेल्या कड्यांची साखळी उघडते.

पट्टा म्हणजे कन्व्हेयरचा कापडी थरांचा जुना पट्टा किंवा अग्निशमनाचा जुना होज. यातून गोळी आरपार जाते, भोक पडतं, पण पट्टा तुटत नाही. अशी बरीच भोकं झाल्यावरच तो फाटतो. ५०-६० मिमी रुंद पट्टी कापा, वर-खाली रुंद वॉशर द्या, नाहीतर बोल्ट रबर चिरत खाली येतो. स्टीलच्या तारा गुंफलेला पट्टा घेऊ नका, तारा तुटून बाहेर येतात आणि गोळीही उलटवतात. टायरच्या पट्टीतही तारा असतात, म्हणून तीही नको.

पट्ट्याचा तोटा असा की आवाज दबतो, आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात रबर तडकतं. रोज चालणार्‍या रेंजला पट्टा घ्या. कधीमधी रविवारी जाणार्‍याला साखळी पुरे.

वायर रोप, नायलॉनची दोरी आणि एस-हुक या तिन्ही गोष्टी लोक लावतात आणि पुन्हा प्रश्न विचारतात. वायर रोपचा एकेक तार तुटत जातो, दोरी पहिल्या चुर्‍यातच वितळते किंवा कापली जाते, एस-हुक झोक्यात निसटतो.

७. बोल्ट कुठला? साधा षटकोनी डोक्याचा चालत नाही का?

पुढच्या बाजूला षटकोनी डोकं नको. त्याच्या कडांवर गोळी बसली तर ती कुठे जाईल सांगता येत नाही. गोल, घुमटी डोक्याचा कॅरेज बोल्ट घ्या. ट्रकच्या बॉडीला फळ्या बसवायला वापरतात तोच. नाशकात ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानांत सहज मिळतो. त्याच्या डोक्याखाली चौकोनी मान असते. प्लेटीला चौकोनी भोक पाडून घेतलंत तर बोल्ट फिरत नाही आणि मागून एका पान्याने नट आवळता येतो.

ग्रेड ८.८ चा घ्या. त्याहून कडक बोल्ट जास्त टिकेल असं वाटतं, पण फार कडक बोल्ट वाकण्याऐवजी तुटतो. नट नायलॉन रिंगचा, म्हणजे नायलॉक. तो पूर्ण आवळू नका. पाइपचा तुकडा आणि कडी किंचित हलतील इतकी फट ठेवा, नाहीतर प्लेट झुलणार नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येईल. बोल्ट ही झिजणारी वस्तू आहे. घुमटाचा आकार सपाट झाला की बदला, कंजूषी नको.

८. एकाच बोल्टवर टांगलं तर?

एका बोल्टवर प्लेट गिरकी घेते. कडेला गोळी लागली की ती फिरून तिरकी होते, मग चुरा कुठल्याही दिशेला जातो. दोन बोल्ट, दोन स्वतंत्र साखळ्या किंवा पट्टे. साखळ्या वर जाताना किंचित फाकलेल्या ठेवा, म्हणजे प्लेट डोलते पण वळत नाही.

अपवाद एअरगनच्या लहान चकतीचा. तिथे एक रुंद पट्टा पुरतो, कारण रुंदीच तिला फिरू देत नाही.

९. आमचा वेल्डर म्हणतो मागे कडी वेल्ड करून देतो. द्यायची का?

झीजरोधक प्लेटीवर वेल्डिंग करू नका. तिचा कडकपणा उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेला असतो. २५० अंश सेल्सिअसच्या वर तापली की तिथला कडकपणा उतरतो. वेल्डच्या भोवती मऊ गोल तयार होतो, पुढून तो दिसत नाही, आणि नेमके खड्डे तिथेच पडतात.

गॅस कटिंगचंही तेच. कडेपासून सेंटिमीटरभर किंवा जास्त भाग मऊ पडतो. लेझर किंवा प्लाझ्माने कापली तर हा मऊ भाग बराच अरुंद राहतो, पाण्याच्या धारेने कापली तर राहतच नाही. कापणार्‍याकडूनच भोकं पाडून घ्या. नंतर घरच्या ड्रिलने पाडायला गेलात तर साधे बिट एकामागून एक जळतील. एअरगनच्या एमएस प्लेटीला यातलं काहीच लागू नाही, तिथे खुशाल वेल्ड करा.

१०. स्टँड कशाचा करावा?

अँगलचा, ५० बाय ५० बाय ६ मिमी. उभे पाय लावताना अँगलचा कोपरा नेमबाजाकडे करा. चुकलेली गोळी तिरक्या बाजूवर बसून बाहेर सरकते. सपाट बाजू पुढे ठेवली तर ती दुसरं टार्गेटच होते, तेही मऊ लोखंडाचं. आडव्या दांडीलाही हेच लागू.

लाकडी घोडाही वाईट नाही. बाभळीचा किंवा जुन्या दरवाज्याच्या चौकटीचा ओंडका गोळी पोटात घेतो, उलटवत नाही. गोळ्या बसून तो पोखरला की बदलायचा, एवढंच.

रांगेत प्लेटी लावणार असाल तर दोन प्लेटींमध्ये आड येईल अशी प्लायची फळी द्या. एका प्लेटीचा चुरा शेजारच्या प्लेटीच्या साखळीला कापतो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ते बंदुकीला दोष देत बसतात.

११. मागे बांध कसला? आमच्याकडे मुरूम फुकट मिळतो.

मुरूम नको. आपल्याकडच्या मुरमात काळ्या दगडाचे तुकडे असतात, आणि प्लेट चुकवून गेलेली गोळी त्यावर आपटून कुठेही जाते. चाळलेली माती किंवा वाळूची पोती घ्या. प्लेट बांधाच्या जवळ टांगा, म्हणजे चुकलेल्या गोळीला फार प्रवास करावा लागत नाही. प्लेटखालची जमीनही दगडविरहित हवी, कारण प्रश्न ५ मधला चुरा तिथेच जाणार आहे.

१२. पावसाळ्यात काय करायचं?

प्लेटीवरच्या गंजाची काळजी करू नका. वरवरचा गंज टार्गेटचं काही बिघडवत नाही, ब्रश मारला की झालं. काळजी बोल्टची आणि साखळीची. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला रेंज असेल तर जूनमध्ये सगळं उतरवून ठेवा, तिथल्या पावसात साधी साखळी एका मोसमात खाल्ली जाते. शहरात किंवा सिन्नरकडे पाऊस कमी, तिथे जीआय साखळी आणि बोल्टच्या आट्यांवर ग्रीस एवढं पुरतं. पट्टे सावलीत, गुंडाळी न करता ठेवा.

पावसाळ्यानंतर पहिल्या दिवशी गोळी चालवण्याआधी प्रत्येक प्लेट हाताने ओढून बघा. बांधही बघा, पाण्याने माती वाहून खालचे दगड उघडे पडलेले असतात.

१३. प्लेट कधी बाद करायची?

बोट फिरवा. मिलिमीटरभर खोलीचा खड्डा, उभी राहिलेली धार किंवा तडा यातलं काहीही असेल तर ती प्लेट गेली. घासून सपाट करायच्या भानगडीत पडू नका. ग्राइंडरची उष्णता पुन्हा प्रश्न ९ वर घेऊन येते.

प्लेट किंचित वाकली असेल, पण खड्डे नसतील, तर उलटी करून लावा. वाटीसारखी बाजू नेमबाजाकडे कधीच नको, फुगीर बाजू चालते.

१४. आमच्या प्लेटीचा आवाजच येत नाही. लागलं की नाही कळत नाही.

बहुधा नट जास्त आवळलेला आहे. घंटा हाताने धरली की वाजत नाही, तसंच हे. फट ठेवा (प्रश्न ७). पट्टा असेल तर आवाज कमीच येणार, मग वर साखळीची दोन कडी आणि खाली पट्टा असं करून बघा. पॉइंट टू टू ला १२ मिमीची मोठी प्लेट जडच पडते, लहान चकती लावा.

दुसरा उपाय रंगाचा. पांढरा स्प्रे मारा, प्रत्येक फटका राखाडी डागासारखा दिसतो. रंग मारायला पुढे जाण्याआधी फायरिंग बंद झाल्याची आरोळी ऐका आणि बंदुका रिकाम्या करून खाली ठेवल्याचं स्वतः बघा. परत आल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवा, त्या राखाडी डागात शिसं असतं.

१५. स्पर्धेच्या तयारीला स्टील उपयोगी आहे का?

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं. त्या तयारीला स्टीलचा उपयोग नाही, कागद किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेटच हवं. वेगाने नेम धरणं, ट्रिगरची सवय, एका टार्गेटवरून दुसर्‍यावर जाणं यासाठी स्टील फार चांगलं. आणि मुलांचा कंटाळा घालवायला तर उत्तमच.

१६. गावाकडे शेत आहे. तिथे टांगू का?

परवान्याच्या बंदुकीसाठी नको. स्वसंरक्षणासाठी किंवा पीकसंरक्षणासाठी मिळालेला परवाना ही सरावाची मुभा नव्हे, सराव मान्य रेंजवर करा. शंका असेल तर परवाना देणार्‍या कार्यालयात विचारा, नाशिक शहरात ते पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी.

एअरगनचं वेगळं आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. पण प्रश्न ११ मधला बांध तिथेही हवाच, आणि द्राक्षबागेच्या शेजारी असाल तर बागेत मजूर कुठे काम करतायत ते आधी बघा. छाटणीच्या दिवसांत बागेत माणसं वाकून असतात, दिसत नाहीत.

१७. एकाच प्लेटीवर एअरगन आणि पॉइंट टू टू दोन्ही चालवलं तर?

प्लेट ५०० ची, सपाट आणि खड्डेविरहित असेल तर चालवा. फक्त साडेपाच किलोची चकती छर्‍याने हलणार नाही, आवाजावर समाधान मानावं लागेल. उलट दिशेने मात्र कधीच नाही. एअरगनच्या एमएस चकतीवर एकदा जरी पॉइंट टू टू मारली आणि खळगा पडला, तर ती चकती एअरगनलाही बाद, कारण त्या खळग्यात बसलेला छर्रा परत येतो. दोन्ही प्रकार असलेल्या रेंजवर एअरगनच्या चकत्यांना वेगळा रंग द्या, पिवळा वगैरे, आणि त्या वेगळ्या दांडीवर टांगा.